न पाहिलेल्या विहिरीची साक्ष

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आधी भीती होती, खोटी साक्ष दिली म्हणून माझ्यावरच केस होईल याची. नंतर लाज वाटायला लागली. आता डोळ्यात मोतीबिंदू, गुडघे गेलेले, बायको गेलेली, आणि ज्याला हे ऐकवायचं होतं तोही गेलेला... म्हणजे लिहायला काही धाडस उरलेलंच नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी खाली ‘काका, तुमच्या हिमतीला सलाम’ असं लिहील. ती मेहरबानी नको.

या ग्रुपवर मी बरेच महिने नुसतं वाचतोय. पांढऱ्या साडीतल्या बाया, पिंपळाखालचे आवाज, गाडीच्या मागच्या सीटवर आपोआप येऊन बसलेलं कुणीतरी... वाचून तुम्हाला मजा येते, येऊ द्या. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. दुकानाशेजारच्या वडाला लोक अमावास्येला नारळ फोडायचे आणि दुसऱ्या दिवशी मी त्याच वडाच्या पारंब्यांवर गिऱ्हाइकांच्या धुतलेल्या पँटी वाळत घालायचो. काही झालं नाही. जे झालं ते भर दुपारी, कोर्टात, जज्जसाहेबांच्या समोर झालं. भूत असतं तर बरं झालं असतं. त्याच्यावर ढकलून मोकळा झालो असतो.

जागा सांगतो. बिदर जिल्हा, भालकी-हुलसूरचा पट्टा, महाराष्ट्राच्या हद्दीला इतका लागून की घराच्या पुढच्या खोलीत फोनवर एका राज्याचा मेसेज येतो आणि परसात गेलं की दुसऱ्या. गावाचं नाव लिहीत नाही. ठाणं ओळखू यायला नको. आता तिथं जी पोरं नोकरी करतात त्यांचा यात संबंध नाही. मी मूळचा मादन हिप्परग्याकडचा, आळंद तालुक्यातला. लग्नानंतर इकडं आलो आणि पोलीस ठाण्यासमोर, रस्त्याच्या पलीकडं, पत्र्याच्या शेडमध्ये टेलरिंगचं दुकान टाकलं. शिंप्याला आमच्याकडं मास्तर म्हणतात. म्हणून मी मास्तर. शेजारी करीमचाचाचं चहाचं हॉटेल.

ठाण्याच्या सगळ्या खाकी वर्द्या मी शिवायचो. आणखी एक काम होतं, त्याची तुम्हाला माहिती नसेल. गुन्ह्यात जप्त केलेली वस्तू – तिला मुद्देमाल म्हणतात – पांढऱ्या कापडात घालून शिवून घेतात, मग शिलाईवर लाख ओतून सील मारतात. ते कापड मी शिवायचो. आणि शिवून झालं की पंच म्हणून सहीही मीच करायचो. पंच म्हणजे कायद्याच्या भाषेत दोन तटस्थ, प्रतिष्ठित माणसं, ज्यांच्या डोळ्यांदेखत वस्तू सापडली. आमच्या ठाण्याच्या भाषेत पंच म्हणजे रस्त्यापलीकडचे दोन दुकानदार. दारूच्या बाटल्या, मटक्याच्या चिठ्ठ्या, देवळातली समई... तालुक्यात काय काय माझ्या समक्ष सापडलंय. मी मशीनवरून उठलोसुद्धा नव्हतो. माझं शेड सरकारी जागेत होतं, ते कुणी हलवत नव्हतं. एवढाच व्यवहार. यात मला कधी काही वाईट वाटलं नाही. सगळीकडं असंच चालतं, असं म्हणायचो. अजूनही लोक असंच म्हणतात आणि पंचनाम्यावर सह्या करतात.

मग निवृत्तीअप्पांचा खून झाला.

अप्पा म्हातारे, चांगली शेती असलेले. शेतातच मानेवर वार झालेले सापडले. त्यांचा सालगडी दशरथ, आमच्या भालकीजवळच्या मेहकरकडचा, बौद्ध कुटुंबातला. वर्षाच्या बोलीवर राबणारा, धिप्पाड आणि गरीब स्वभावाचा माणूस. आधी कधीतरी जयंतीच्या दिवशी तो न विचारता सुट्टीवर राहिला होता. अप्पा चारचौघांत बोलले, आणि हा म्हणाला, ‘बाबासाहेबाच्या दिवशी म्या कुणाचाच गडी न्हाई.’ एवढंच. पण सालगड्यानं मालकाला उलट बोलावं यापेक्षा मोठा पुरावा आमच्या भागात लागत नाही. अप्पांच्या पुतण्यानं दशरथचं नाव घेतलं आणि त्याला उचलला.

तोवर कत्ती, म्हणजे आमच्याकडचा कोयता, सापडली होती. अप्पांच्या शेतापासून लांब, दुसऱ्याच्या रानातल्या एका जुन्या पायऱ्यांच्या विहिरीत, गाळ काढणाऱ्या गड्यांना. त्यांनी ती जमादार मल्लप्पांच्या हवाली केली. आता अशी सापडलेली कत्ती म्हणजे नुसतं लोखंड. आरोपीनं स्वतः पोलिसांना आणि पंचांना तिथं नेऊन ती काढून दाखवली, असं कागदावर आलं की केस उभी राहते. म्हणून तसं कागदावर आलं. मल्लप्पा वर्तमानपत्रात गुंडाळलेली कत्ती घेऊन आले आणि माझ्या कापायच्या टेबलावर ठेवली. म्हणाले, ‘मास्तर, लवकर शिव, साहेब जेवायला जायलेत.’ मुठीला अजून ओला गाळ होता. तो अर्ध्या शिवलेल्या ब्लाउजला लागू नये याचीच मला काळजी. मी शिवलं. ठाण्यात जाऊन सही केली. करीमचाचा चहा द्यायला आलेला, त्यानं किटली खाली ठेवली आणि सही केली. आतल्या खोलीतून दशरथचा आवाज येत होता. बोलण्याचा नव्हता तो. साहेबाला तो खरंच खुनी वाटत होता की नाही, मला ठाऊक नाही. विचारायची पद्धत नव्हती.

केस चालायला वेळ लागला. तोवर दशरथ आतच. जामिनाला शेतीवाला माणूस लागतो. त्याच्या नात्यात सगळे दुसऱ्यांच्या शेतात राबणारे.

कोर्टात आधी करीमचाचाची साक्ष झाली. म्हातारा सरळ म्हणाला, ‘साब, मैं चाय देने गया था. सही करो बोले, कर दिया. बावली-बिवली मैं कुछ नै देखा.’ सरकारी वकिलांनी त्याला तिथल्या तिथं फितूर घोषित केलं. त्या दिवशी त्या खोलीत खरं बोललेला तो एकटाच, आणि त्याला फितूर म्हणून बाहेर काढला. तो मात्र शांतपणे चपला घालून बस स्टँडकडं निघून गेला. बाहेरच्या व्हरांड्यात मल्लप्पांनी मला आठवण करून दिली – विहिरीवर गेलो, आरोपीनं पाण्यात हात घातला, कत्ती काढली, सही केली. ‘जास्त बोलू नको मास्तर, विचारलं तर लक्षात न्हाई म्हण.’ पंचांना हे पाठच असतं. जिथं अडचण होईल तिथं लक्षात नाही म्हणायचं. कोर्टालाही हे पाठ असतं, आणि तरी सगळे गंभीर चेहरे करून बसतात.

मी उभा राहिलो. सील फोडलं, कापड मला दाखवलं. शिलाई माझीच, हे मी छातीठोक सांगितलं. तेवढं खरं होतं. मग दशरथची वकील उठली. सरकारनं दिलेली, तरुण मुलगी, हातात बारीकशी फाइल. तिनं एकच साधा प्रश्न विचारला, ‘मास्तर, विहिरीत उतरायच्या पायऱ्या कोणत्या बाजूनं आहेत?’

मी ‘लक्षात नाही’ म्हणायला तोंड उघडलं... आणि मला विहीर दिसली.

अंगात आलं, डोळ्यापुढं अंधारी आली, असलं काही झालं नाही. पंखा फिरत होता, टायपिस्ट बाई पदरानं चष्मा पुसत होती, हे सगळं दिसतच होतं. आणि त्याबरोबर विहीर. आपल्या घरची मोरी कशी आहे असं कुणी विचारलं तर ती जशी डोळ्यासमोर येते, तशी. पायात चप्पल असून तळव्यांना गार दगड लागला. शेवाळाचा वास आला. पायऱ्या मावळतीच्या बाजूनं होत्या, खाली जाऊन डावीकडं वळलेल्या. भिंतीतून उंबर फुटलेला. वळणावर एक देवळी, तिच्यात आरशाचा तुकडा आणि दात पडलेली फणी, गडी माणसं अंघोळीला येत असणार. पाण्याच्या वर एका दगडात हत्ती कोरलेला, सोंड झिजून गेलेली. मी हे सगळं सांगत गेलो. जीभ थांबेना. टायपिस्ट म्हणाली, हळू सांगा. जज्जसाहेबांनी मान वर करून पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. इतकी वर्षं पंचांच्या साक्षी ऐकून कंटाळलेला माणूस, त्याला बहुधा प्रथमच खरा साक्षीदार भेटल्यासारखं वाटलं.

आणि मग खालच्या पायरीवर मला माणूस दिसला.

पाठमोरा, उकिडवा बसलेला, कोपरापर्यंत हात धूत होता. शेजारी कत्ती. चेहरा दिसला नाही. अंगात चौकडीचा शर्ट. त्या शर्टाच्या उजव्या खांद्यावर एक तुकडा आडवा जोडलेला, त्यातली चौकड बाकीच्या चौकडीशी जुळत नव्हती. तो जोड माझा होता. कापड कमी आणलं म्हणून मी तसा टाकला होता, त्यावरून दुकानात भांडण झालं होतं. तो शर्ट मी अप्पांच्या पुतण्याला शिवला होता. आपली शिलाई ओळखणं यात अमानवीय काही नाही. ती तिथं दिसली हे मात्र कुणी मला समजावून सांगावं.

वकील मुलीनं फाइल मिटली. मग तिनं विचारलं, ‘कत्ती काढली तेव्हा तिथं कोण होतं?’

पाठमोरा माणूस अजून दिसतच होता. मी आरोपीच्या पिंजऱ्याकडं पाहिलं. दशरथ माझ्याकडं बघत होता. रागानं नाही. अनोळखी गावाचा रस्ता कुणी सांगत असावं आणि आपण तो नीट लक्षात ठेवत असावं, तसा. मी म्हणालो, ‘दशरथच होता. त्यानंच पाण्यात हात घालून काढून दिली.’

विहीर गेली. पंखा, टायपिस्ट, खोली राहिली.

आठवड्याभरानं ती वकील मुलगी मला बस स्टँडवर भेटली. मला खोटं पाडायला ती मुद्दाम विहिरीवर जाऊन आली होती. म्हणाली, ‘तुम्ही सांगितलं तसंच आहे सगळं. हत्तीसुद्धा. तुम्ही खरंच गेला होतात.’ तिचा आवाज उतरलेला. आपलाच आरोपी गुन्हेगार आहे हे तिला माझ्यामुळं पटलं होतं. त्यानंतर ती काय जोरानं भांडणार? दशरथला जन्मठेप झाली. सरकारी वकिलांनी माझी पाठ थोपटली. मल्लप्पा म्हणाले, ‘मास्तर, तू कधी गेलता रे तिकडं?’ त्यांनी स्वतः विहीर वरूनच बघितली होती. गुडघ्याचा त्रास, खाली उतरलेच नव्हते. मी म्हणालो, असंच, अंदाजानं सांगितलं. ते हसले आणि शिवलेली वर्दी घेऊन गेले.

निकालानंतर मीही जाऊन आलो. दुपारचा. मावळतीच्या पायऱ्या, वळण, उंबर, फणी, झिजलेला हत्ती. सगळं तसंच. लहानपणी आलो असेन म्हणावं तर मी या भागातलाच नाही. कुणाकडून ऐकलं म्हणावं तर असल्या विहिरीबद्दल कोण काय सांगणार.

आता तुम्ही लिहाल – टेलिपथी, मागचा जन्म, मृतात्म्याची इच्छा. लिहा. एका शहाण्या माणसाला मी नाव न सांगता हे ऐकवलं होतं, तो म्हणाला, सत्य तुमच्या तोंडून बाहेर पडू पाहत होतं. असेल. मग सत्याला माणसांची पारख नव्हती म्हणायचं. शेजारी करीमचाचा असताना ते माझ्याकडं आलं. मी त्यातलं उपयोगाचं तेवढं वेचून घेतलं आणि एका निरपराध माणसाच्या गळ्यात घट्ट शिवून टाकलं. सगळंच खोटं बोललो असतो तर तो सुटला असता. खोट्या पंचांमुळं केसेस रोज पडतात. माझी पडली नाही, कारण अर्धं खरं होतं.

पुतण्यानंच खून केला, असं मी आजही म्हणत नाही. शर्टाच्या पाठीवरून मी खुनी ठरवायला लागलो तर त्या ठाण्यात आणि माझ्यात फरक काय? तो पुढं अप्पांच्या शेतात द्राक्षं लावून चांगला जगला आणि काविळीनं मेला. शर्ट शिवायला मात्र माझ्याकडं परत आला नाही. एवढंच मला माहीत आहे. पण दशरथला तिथं कुणी नेलं नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं. ते सांगायला विहीर दिसायची गरज नव्हती.

एकदा जेलपर्यंत गेलो होतो. गेटवर मुलाखतीची रांग – बाया, पोरं, डबे, पिशव्या. शिपायानं विचारलं, ‘कैद्याचे तुम्ही कोण?’ मागची बाई म्हणाली, ‘अहो बाबा, सांगा की, आमाला बी जायाचंय.’ मी रांगेतून बाजूला झालो. येताना बसमध्ये स्वतःलाच सांगितलं, पुढच्या वेळी नक्की. अशा पुढच्या वेळा आमच्यासारख्यांकडं भरपूर असतात.

दशरथ सुटला तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते, असं कळलं. मी धीर करून त्याच्या गावी गेलो. बसमध्ये वाक्य पाठ करत होतो. सरकारी योजनेतलं दोन खोल्यांचं घर, निळा रंग, भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, आणि खिडकीशी शिलाई मशीन. त्यावर दशरथ बसलेला, कुणाच्या तरी पोराची चड्डी शिवत.

मला बघून त्याच्या बायकोनं, सरूबाईनं, विचारलं कोण पाव्हणं. तो आतूनच म्हणाला, ‘अगं, टेलर मास्तर हायत. चहा टाक.’ एका नजरेत ओळखलं त्यानं. राग नाही, काही नाही. मला खुर्ची दिली, स्वतः स्टुलावर बसला आणि आधी आपली शिलाई दाखवली. जेलमध्ये शिलाई विभाग असतो, तिथं शिकला होता. काज अगदी सफाईदार. ‘बघा मास्तर, तुमच्या धंद्यात आलो.’ मी म्हणालो, छान आहे. एका माणसाला आयुष्यातून उठवून मी त्याच्या काजांचं कौतुक करत होतो.

मग तो आपण होऊन बोलायला लागला. सुरुवातीला तो सगळ्यांना सांगायचा, मी केलेलं नाही. आतले कैदी हसायचे, कारण तिथं प्रत्येक जण तेच सांगतो. पण माझी साक्ष झाल्यापासून त्याला विहीर दिसायला लागली होती.

‘तुम्ही सांगितली तशीच,’ तो म्हणाला. ‘उंबर, फणी, हत्ती. म्या जन्मात तिकडं गेलो न्हवतो मास्तर. पर रोज दिसायली. मंग मला वाटाया लागलं, लॉकअपमदी मला शुद्ध न्हवती, तवाच नेलं आसंल. आन् कत्ती म्या दाखविली आसंल, तर मारलं बी म्याच आसंल. तुम्ही कामून खोटं बोलताव? तुमचं-माझं काय वैर?’

त्यानं पुढचं सांगितलं. मुदतीआधी सोडायचं की नाही हे ठरवायला एक समिती बसते. पहिल्या खेपेला त्याला विचारलं, पश्चात्ताप होतो का? तो म्हणाला, केलंच नाही तर कशाचा? तेव्हा समितीच्या मते तो सुधारलेला नव्हता. पुढच्या खेपेला तो म्हणाला, केलं, चुकलं. मग तो सुधारला. व्याख्यानं देणाऱ्या एका साहेबानं त्याला समारंभात उभा करून लोकांना टाळ्या वाजवायला लावल्या. याला सुधारणा म्हणतात. निरपराध माणूस खुनी असल्याचं मान्य करेपर्यंत आत ठेवायचा, आणि मान्य केलं की शिलाई मशीन देऊन घरी पाठवायचा. मला हसायचा अधिकार नाही, कारण ते कापड मी बेतून दिलेलं होतं.

‘तवा खोटंच म्हणलो, सुटाया,’ दशरथ म्हणाला. ‘पर म्हणल्यावर हलकं वाटलं बघा. मंग खरंच आसंल की.’

सरूबाई चहा घेऊन आली. दशरथनं मशीनवरचा खडूचा तुकडा उचलला.

‘येकच गोष्ट सुटंना मास्तर. विहिरीत मला मी दिसतो. पाठमोरा. हात धुवायलोय. आन् अंगात चौकडीचा शर्ट.’ त्यानं मांडीवरच्या कापडावर शर्टाची पाठ काढली, आणि उजव्या खांद्यावर आडवी रेघ मारली. ‘हितं तुकडा जोडलाय. चौकड जुळत न्हाई. शिलाई शिकलो तवा कळलं, कापड कमी पडलेलं हाय. पर आसला शर्ट मला कदी न्हवता.’

मी कप खाली ठेवला. शर्टाबद्दल मी कोर्टात एक अक्षर बोललो नव्हतो. बायकोला नाही, मल्लप्पांना नाही, त्या शहाण्या माणसालाही नाही. या घडीपर्यंत तो जोड पृथ्वीवर फक्त मला दिसला होता... असं मी समजत होतो.

तो माझ्या तोंडाकडं बघत होता. कोर्टात बघितलं होतं तसाच. ‘तुमच्याच हातचा वाटतो, मास्तर. तुम्हीच शिवून दिलता का मला? मलाच आठवंना जालंय का?’

इथं एक शब्द पुरेसा होता. नाही. तुला नाही शिवला. त्या एका शब्दानं त्याची सगळी वर्षं परत आली नसती, पण तो स्वतःकडं परत आला असता. दारात सरूबाई उभी होती. बाप काय करून आत गेला ते तिचं पोरांना सांगून झालं होतं, पोरांचं ते गिळून झालं होतं. मला वाटलं, आता कशाला. खोटं बोलणाऱ्याला दुसऱ्याची शांती फार दिसते.

मी म्हणालो, ‘आसंल.’

त्यानं मान हलवली, बराच वेळ. कोडं सुटल्यावर माणूस हलवतो तशी. मग खडू खाली ठेवला, माझ्यापुढं हात जोडले. ‘माफी असू द्या मास्तर. माझ्यापायी तुम्हाला कोर्टाची पायरी चढावी लागली. गरीब माणसाचा धंदा बुडाला आसंल त्या दिवशी.’

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ‘राहू दे,’ म्हणालो. म्हणजे मी त्याला माफ केलं. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. विहिरीपेक्षा हे लिहायला जास्त वर्षं लागली. तो मला स्टँडपर्यंत सोडायला आला, बसमध्ये खिडकीची जागा धरून दिली.

पुन्हा जायचं ठरवत राहिलो. उन्हाळ्यात कळलं, मशीनवर बसल्या बसल्याच गेला. पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला गेलो. लोक बोलले – चूक झाली होती, पण माणूस सुधारला. आणखी कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का, असं विचारलं. पुढच्या रांगेतल्यांनी मागं वळून पाहिलं. मी खाली सतरंजीकडं बघत राहिलो. निघताना सरूबाई म्हणाली, ‘तुम्ही येऊन गेला तवापासून त्यांना झोप लागायली होती, मास्तर.’

विहीर मला कशी दिसली, न सांगितलेला शर्ट त्याच्यापर्यंत कसा पोचला, मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल असंही वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर आता फारशी उत्सुकता उरलेली नाही. विहीर गेल्या वर्षी कुणीतरी बुजवली.

दशरथ, तुला तिथं कुणी नेलं नव्हतं. तू कत्ती दाखवली नाहीस. तो शर्ट मी तुला शिवला नव्हता. माझं चुकलं. मला माफ...